कन्फ्यूशियसचा मध्य आणि बीडचे पाणी

प्राचीन चीनमध्ये लू नावाचे एक लहानसे राज्य होते. तेथील एका दिवंगत राजाच्या पूर्वजमंदिरात एक चमत्कारिक भांडे ठेवलेले असे. ते रिकामे असले म्हणजे एका अंगाला कलून राही. मध्यापर्यंत पाणी घातले म्हणजे ताठ उभे राही. आणि काठोकाठ भरले की तत्काळ उलटून सारे पाणी सांडून टाकी. कन्फ्यूशियस त्या मंदिरात गेला असता त्याने तेथील रक्षकापाशी या भांड्याची चौकशी केली आणि शिष्यांकडून त्यात पाणी ओतवून त्याच्या गुणाचा प्रत्यय घेतला, अशी कथा श्युन-त्झू या तत्त्वज्ञाच्या नावावर असलेल्या ग्रंथात आली आहे. कथा अक्षरशः घडलेली असो वा नसो, चिनी विचाराचा एक मोठा सिद्धांत तिच्यात साठवलेला आहे. या भांड्याचा सगोत्र म्हणता येईल असा एक दगडी दाखला मराठवाड्यात, बीड शहराच्या दक्षिणेस दोनेक कोसांवर, आजही पाहावयास मिळतो. मात्र त्याच्याकडे वळण्यापूर्वी मूळ सिद्धांताची ओळख करून घेणे अवश्य आहे. कारण त्याच्याइतका सोपा वाटणारा आणि त्याच्याइतका विपरीत समजला गेलेला विचार क्वचितच आढळेल.

कन्फ्यूशियसचा काळ इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९ असा मानला जातो. म्हणजे तो स्थूलमानाने बुद्धाच्या युगातला. बुद्धाने मध्यम मार्ग सांगितला, गीतेने आहारविहारातील युक्तता सांगितली, आणि पुढे ग्रीस देशात ॲरिस्टॉटलने प्रत्येक सद्गुणाला दोन दोषांच्या मधले आसन दिले. तेव्हा कन्फ्यूशियसने यात नवीन काय सांगितले, असा प्रश्न सहजच उद्भवतो. आपल्याकडे तर ‘अति तेथे माती’ ही म्हण शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

पण ही म्हण एकांगी आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. ती अतिरेकाला ताकीद देते. उणेपणाला काहीच बोलत नाही. कन्फ्यूशियसच्या संवादांत एक प्रसंग आहे. त्याच्या दोन शिष्यांची तुलना चालली होती. एक नेहमी लक्ष्याच्या पलीकडे जाई, दुसरा नेहमी अलीकडेच थांबे. विचारणाऱ्याला वाटले, पलीकडे जाणारा तो अर्थातच श्रेष्ठ. गुरूने ते मान्य केले नाही. बाण लक्ष्यावरून गेला काय आणि लक्ष्याच्या अलीकडे पडला काय, चुकला तो चुकलाच, असा त्याचा आशय. कलते भांडे आणि उलटे भांडे ही दोन्ही सारखीच निरुपयोगी. फरक एवढाच की एकाची नासाडी डोळ्यांना दिसते आणि दुसऱ्याची दिसत नाही.

याहून मार्मिक असा दुसरा एक प्रसंग आहे. त्झू-लू या शिष्याने विचारले की, एखादी चांगली गोष्ट ऐकली तर ती लगोलग आचरणात आणावी काय? गुरूने सांगितले की, घरी वडील आणि वडील बंधू असताना इतकी घाई कशासाठी? काही वेळाने जान-यू या शिष्याने नेमका तोच प्रश्न केला. त्याला मात्र, लगोलग आचरणात आणावी, असे उत्तर मिळाले. दोन्ही उत्तरे ऐकणारा तिसरा शिष्य बुचकळ्यात पडला. त्याला झालेला उलगडा असा की, जान-यू हा स्वभावतः मागे सरणारा, म्हणून त्याला पुढे ढकलले. त्झू-लू हा दोन माणसांचा उत्साह अंगी असलेला, म्हणून त्याला मागे ओढले. प्रश्न एक, गुरू एक, आणि उत्तरे परस्परविरुद्ध! वरवर पाहणाऱ्याला ही विसंगती वाटेल. वस्तुतः या सिद्धांताचे सारे मर्म येथेच आहे. मध्य हा रस्त्यावर रोवलेला मैलाचा दगड नव्हे. माणूस कोठे उभा आहे हे पाहिल्यावाचून त्याने कोणत्या दिशेला चालावे हे सांगता येत नाही.

या विचाराला ग्रंथाचे रूप आले ते ‘चुंग-युंग’ या छोट्या पुस्तकात. परंपरा त्याचे कर्तृत्व कन्फ्यूशियसचा नातू त्झू-स्सू याच्याकडे देते. ‘चुंग’ म्हणजे मध्य आणि ‘युंग’ म्हणजे नित्याचे, रोजच्या व्यवहारातले. शतकानुशतके हे प्रकरण विधिनियमांच्या एका जाड ग्रंथात पडून होते. चू शी नावाच्या महापंडिताने ते बाहेर काढून त्यावर भाष्य रचले आणि ११८९ साली त्याला प्रस्तावना जोडली. पुढे १३१३ साली राज्यकारभाराच्या परीक्षांसाठी ज्या चार ग्रंथांचा अभ्यास सक्तीचा ठरला, त्यांत याची गणना झाली; आणि १९०५ मध्ये त्या परीक्षा बंद होईपर्यंत चीनचे असंख्य अंमलदार ते पाठ करूनच खुर्चीवर बसले. येथे एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चा परंपरागत काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८. चीनमध्ये चू शीचे भाष्य पुरे होत होते त्याच सुमारास मराठीतला हा आद्य मानला गेलेला ग्रंथ सिद्ध होत होता. दोघांना एकमेकांची वार्ता असणे शक्य नव्हते, आणि विषयही निराळे. एकाचा लोकव्यवहार, दुसऱ्याचा अद्वैत. तरीही नुसती रूढी पाळणे पुरेसे नाही, ज्याने त्याने नीरक्षीर निवडले पाहिजे, ही निकड दोहोंकडे होती असे म्हणावयास हरकत नाही.

‘चुंग-युंग’च्या आरंभीच एक सुंदर भेद केलेला आहे. हर्ष, क्रोध, शोक, आनंद या वृत्ती मनात उठण्यापूर्वीची जी स्थिती ती मध्य. आणि त्या उठल्यावर प्रत्येकीला तिचे योग्य माप मिळाले म्हणजे जी स्थिती होते ती सुसंवाद. राग येऊच नये असे येथे सांगितलेले नाही. तो योग्य मापाने यावा, एवढेच. या ‘मापा’साठी जे चिनी अक्षर योजले आहे त्याचा मूळ अर्थ वेळूचे पेर असा आहे. वेळू वाढतो, पण पेरापेराने वाढतो. प्रत्येक पेराशी क्षणभर थांबतो, गाठ घालतो आणि मग पुढे जातो. ती गाठ नसती तर तो उंचीही गाठू शकला नसता. उसाच्या हंगामावर ज्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांचे वर्ष बेतलेले असते, तेथील माणसाला ही प्रतिमा समजावून सांगण्याची गरज पडू नये.

आता गैरसमजाकडे. मध्य म्हणजे दोन टोकांच्या बरोबर अर्ध्यावरचा बिंदू, अशी समजूत खुद्द चीनमध्येही होती. मेन्शियसच्या काळी एक पंथ केवळ स्वतःचे हित पाहावे म्हणणारा आणि दुसरा सर्व जगावर सारखेच प्रेम करावे म्हणणारा असे दोन होते. तिसऱ्या एका गृहस्थाने दोहोंच्या मधली जागा धरली. मेन्शियसने त्याला शाबासकी दिली नाही. तोलून न पाहता मध्य धरून बसणे म्हणजे तिसरे एक टोक धरून बसणेच होय, असा त्याचा आक्षेप. त्याने वापरलेला शब्द काट्याच्या वजनाचा आहे. एकाच दांडीवर वजन मागेपुढे सरकवून माल तोलण्याचा जो काटा असतो, त्याचे वजन माल बदलला की जागा बदलते. दांडीच्या मध्यावर ते बांधून ठेवले तर काट्याचा उपयोगच संपला. मराठीत या क्रियेसाठी एक अस्सल शब्द आहे: तारतम्य. ‘तर’ आणि ‘तम’ या प्रत्ययांपासून तो घडला आहे. अधिक काय, सर्वांत अधिक काय, हे जोखणे. मिताचार हा शब्द पुस्तकी राहिला. तारतम्य मात्र घरोघर बोलले जाते, आणि कन्फ्यूशियसचा भाव त्यातच अधिक नेमका उतरतो.

कोणालाही न दुखवता, सर्वांच्या हो ला हो मिळवून गावात सज्जन म्हणवून घेणाऱ्या माणसाला तर कन्फ्यूशियसने सद्गुणाचा चोर ठरविले होते. मध्याच्या नावाखाली गुळमुळीतपणा खपू नये यासाठी त्याने घेतलेली ही खबरदारीच म्हणावी लागेल.

बीडजवळच्या ज्या दगडी दाखल्याचा आरंभी उल्लेख केला, ती म्हणजे खजाना विहीर. खजाना बावडी या नावानेही ती ओळखली जाते. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखान या सरदाराने ती बांधविली. नगरजवळच्या डोंगरावर चांदबिबीचा महाल म्हणून जी तीनमजली अष्टकोनी इमारत लोक दाखवितात, ती वस्तुतः याच सलाबतखानाची कबर होय. विहिरीच्या कामी सरकारी खजिन्याचा पैसा ओतला गेला म्हणून तिला हे नाव पडले, असे सांगतात. स्थापत्याचे काम राजा भास्कर याच्याकडे होते, असेही परंपरा सांगते.

ही विहीर वर्तुळाकार आहे, खाली उतरावयास पायऱ्या आहेत आणि आत सभोवार फिरता येईल अशी जागा आहे. पण तिचे वैशिष्ट्य बांधणीच्या सौंदर्यात नाही. तिच्यात जमिनीखालून येणाऱ्या वाटांनी पाणी येते आणि दुसऱ्या एका भुयारी वाटेने ते सखल भागातील बलगुजरच्या शेतमळ्यांकडे जाते. मोट नाही, रहाट नाही, यंत्र नाही, केवळ उतार. पाण्याची पातळी बहुधा सारखी राहते म्हणून लोकांना तिचे नवल वाटते, आणि त्याभोवती दंतकथाही जमल्या आहेत. कारण मात्र साधे आहे. बाहेर जाणाऱ्या वाटेचे तोंड ज्या उंचीवर असते तेथपर्यंत पाणी चढले की ते वाहू लागते; त्याखाली उतरले की थांबते. जितकी आवक, तितकीच जावक. पाऊसमान बरे असेल त्या वर्षी पाट भरून चालतो, वाईट असेल त्या वर्षी धार बारीक होते. कोणाला अधिक हवे म्हणून अधिक मिळत नाही. कारण मागणारा त्या पाण्याच्या वर उभा नसून खाली, उताराच्या टोकाशी उभा असतो. लू राज्यातले भांडे अतिरेकाची शिक्षा दाखविते. खजाना विहीर अतिरेकाची शक्यताच मिटवून टाकते. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरात जी नहर आणली, तीही याच घराण्यातली.

मात्र जुने ते सारे सोने, असे मानण्याचे कारण नाही. पूर्वीच्या पिढ्यांचा पाण्यातील मिताचार हा पुष्कळ अंशी नाइलाज होता. मोटेच्या विहिरीला बैलाचा दम हे माप होते; बैल थकला की उपसा थांबला, आणि रात्रभरात विहिरीला पुन्हा पाझर फुटला. शेतकरी संयमी होता असे नव्हे, तर त्याच्या हाती असंयमाचे साधनच नव्हते. डिझेलचे इंजिन आले, मग विजेची मोटार आली, आणि शेवटी विंधन विहीर, म्हणजे लोकांच्या बोलीतला बोअर, आला. या प्रत्येक पायरीला बाह्य माप गळून पडले. कन्फ्यूशियसचा प्रश्न खरा उभा राहतो तो येथे. साधनाचे बंधन सुटल्यावर माप कोठून आणावयाचे?

बीडचा भूभाग बालाघाटाच्या डोंगररांगा आणि गोदावरीचे खोरे यांनी बनलेला आहे. जिल्ह्याचा सरासरी वार्षिक पाऊस साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरांच्या घरात आहे, आणि तोही दरवर्षी शब्द पाळतो असे नाही. खाली काळा पाषाण. त्याच्या वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांत जे पाणी मुरते तेवढीच खरी शिल्लक. त्याखाली जावे तसतसे पाणी धरणाऱ्या भेगा विरळ होत जातात. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही म्हणून चारशे, चारशेवर नाही म्हणून सहाशे, असा जो शोध चालतो, तो पुष्कळदा आदल्या पिढ्यांनी साठवलेल्या ठेवीत हात घालणे असते. उसाला एका हंगामात साधारणपणे दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. पावसाचे आकडे आणि उसाचे आकडे शेजारी मांडले की उणे पडणारे पाणी धरणातून किंवा जमिनीच्या पोटातून आणावे लागणार, हे सांगावयास तत्त्वज्ञ नको.

तथापि केवळ उसाला दूषणे देणे हाही एक उथळ मार्ग आहे. ऊस लावणारा शेतकरी मूर्ख नाही. कापसाचा, सोयाबीनचा भाव काय निघेल याची त्याला शाश्वती नसते. उसाला निदान कायद्याने ठरलेला भाव आणि घेणारा कारखाना असतो. शिवाय हे पीक काटक. थोडीफार ओढ सोसून उभे राहते. त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर त्याचा हिशेब चुकलेला नाही. प्रत्येकाचा हिशेब बरोबर, आणि सर्वांच्या हिशेबांची बेरीज मात्र चूक, असा हा पेच आहे. ती बेरीज एप्रिल २०१६ मध्ये सर्वांसमोर आली. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, त्यावर विसंबलेले लातूर शहर तहानेने व्याकुळ झाले, आणि मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून तेथे पाणी न्यावे लागले.

ज्यांच्या वाट्याला ऊसही नाही आणि पाणीही नाही, त्यांची कथा याहून कठीण आहे. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजले जावयाचे. सहा-सहा महिने पाचटाच्या खोपीत राहून ती उचल फेडावयाची. या माणसाला मिताचाराचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरेल. १९१९ साली पेकिंगच्या तरुण विद्यार्थ्यांनी जे आंदोलन छेडले, त्याच्या ओघात कन्फ्यूशियसवर कडाडून टीका झाली. त्याची शिकवण सत्ताधाऱ्यांनी शतकानुशतके दुर्बलांना गप्प बसविण्यासाठी वापरली, हा त्या टीकेतला मुद्दा खोटा म्हणता येणार नाही. पण तो वापर होता, शिकवण नव्हे. त्झू-लूला मागे ओढणाऱ्या गुरूनेच जान-यूला पुढे ढकलले होते. आणि मेन्शियसने तर राजालाच बजावले होते की, लोकांना स्थिर उपजीविका दिल्यावाचून त्यांच्याकडून स्थिर चित्ताची अपेक्षा करू नये. धरणाच्या पाटाखालील बागाइतदाराला ‘थोडे कमी’ आणि बालाघाटावरच्या कोरडवाहू कुटुंबाला ‘बरेच अधिक’, ही दोन उत्तरे परस्परविरोधी दिसली तरी ती एकाच काट्यावर तोललेली आहेत.

हा काटा प्रत्यक्षात चालविता येतो काय? बीडच्या पश्चिमेस लागून असलेल्या जिल्ह्यात, पूर्वीच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगरात, हिवरे बाजार हे गाव आहे. तेथे पाऊस बीडपेक्षाही कमी. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते गाव दुष्काळाने आणि दारूने मोडलेले होते. ग्रामस्थांनी डोंगरउतारांवर चर खणले, बांध घातले, झाडे लावली, चराई आणि कुऱ्हाड बंद केली. इतके अनेक गावांनी केले आहे. हिवरे बाजारने याहून पुढे जे केले ते अधिक मोलाचे. शेतीसाठी बोअर घ्यावयाचा नाही आणि ऊस-केळीसारखी पिके लावावयाची नाहीत, असे बंधन गावाने स्वतःवर घालून घेतले. दरवर्षी पावसाळा सरला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडला जातो: किती पडले, किती मुरले, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरले तर कोणते पीक किती क्षेत्रावर. पाऊस चांगला तर रब्बीचे क्षेत्र वाढते. ओढीचे वर्ष असेल तर ते घटते. म्हणजे बंधन कायमचे, पण माप दरसालचे. ‘चुंग-युंग’मध्ये काळ पाहून धरलेला मध्य म्हणून जो सांगितला आहे, त्याचे इतके रोखठोक उदाहरण चीनच्या इतिहासातही शोधूनच काढावे लागेल. पवारांना २०२० साली पद्मश्री मिळाली; गावाला मात्र दर वर्षी नव्याने ताळेबंद मांडावाच लागतो.

असा हिशेब मांडण्यास लागणारी सामग्री बीडमध्ये नाही असे नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ ने साठ मीटरांहून अधिक खोलीच्या विहिरीला खोल विहीर ठरवून तिच्यावर बंधने घालण्याची तरतूद केली आहे. आकडा सरकारजवळ आहे, कायदा पुस्तकात आहे. परंतु पेरणीचा निर्णय घरोघर, बांधाबांधावर होत असतो. ऑक्टोबरची पातळी गावच्या चावडीवर खडूने लिहिली गेली आणि रब्बीच्या पेरणीपूर्वी ग्रामसभेने ती मोठ्याने वाचून घेतली, तर त्या कामी खर्च एका खडूचा येईल.